आशागडचे भात आणि महासंगणक

ऑक्टोबरमध्ये आशागडच्या शेतांत हळवे भात कापणीला येते. कापून पसरलेल्या भातावर पाऊस पडला तर दाण्याला मोड येतात, पेंढा कुजतो. मग 'दोन दिवस थांबायचे की आजच कापायचे?' हा प्रश्न घरोघरी असतो. रेडिओवर ऐकू येते, 'पालघर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस.' त्या तुरळक ठिकाणांत आपले शेत आहे का, हे काही कळत नाही. असे का?

हवामानाचा अंदाज ही मुळात आकडेमोड आहे. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन कल्पायचे. प्रत्येक चौकोनात आत्ताचे तापमान, दाब, वारा आणि बाष्प किती ते मांडायचे. मग भौतिकशास्त्राच्या नियमांनी थोड्या वेळानंतरची स्थिती काढायची आणि हेच पुन्हा पुन्हा करत जायचे. लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे हातांनी करून पाहिले. केवळ सहा तासांच्या अंदाजाला त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तरही चुकले! तरीही १९२२ सालच्या पुस्तकात त्याने एक कल्पना मांडली: एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसे बसवावीत, प्रत्येकाने आपल्या वाट्याचे गणित करावे आणि उत्तर शेजाऱ्याला सांगावे. आजचा महासंगणक याच तत्त्वावर चालतो. फक्त माणसांच्या जागी हजारो प्रोसेसर असतात.

वर्गात करून पाहा

पाच विद्यार्थी पाट्या घेऊन रांगेत उभे करा. ही धातूची सळई समजा. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. पहिल्याच्या पाटीवर कायम १००, शेवटच्याच्या पाटीवर कायम ०. मधल्या तिघांनी सुरुवातीला ० लिहावे. टाळी वाजली की मधल्या प्रत्येकाने दोन्ही शेजाऱ्यांचे जुने आकडे वाचून, त्यांची सरासरी काढून आपल्या पाटीवर लिहावी. पहिल्या टाळीनंतर १००, ५०, ०, ०, ० असे आकडे मिळतील. दुसरीनंतर १००, ५०, २५, ०, ०. पुढे हळूहळू आकडे १००, ७५, ५०, २५, ० यांच्या जवळ जातील.

एखादा विद्यार्थी रेंगाळला तर काय होते तेही पाहा. सगळ्यांना थांबावे लागते! महासंगणकातही हेच घडते. म्हणून या विषयात प्रकल्प करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा बराचसा वेळ काम सारखे वाटण्यात आणि शेजाऱ्यांमधली देवाणघेवाण कमी करण्यात जातो.

आणखी एक अडचण आहे. १०० मिनिटांच्या कामातले १० मिनिटांचे काम वाटताच येत नाही असे समजा. उरलेले ९० मिनिटांचे काम नऊ जणांत वाटले तर एकूण २० मिनिटे लागतील; नव्वद जणांत वाटले तर ११. पण कितीही माणसे आणली तरी १० मिनिटांच्या खाली येता येणार नाही. याला ॲमडालचा नियम म्हणतात.

पुण्याचे यंत्र

अमेरिका महासंगणक देताना कडक अटी घालत असे. त्या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक छोटे प्रोसेसर जोडून तिने १९९१ साली 'परम ८०००' तयार केला. पुढे २०२४ साली पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत 'अर्का' आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी!

एवढे लागते कशाला? आधीच्या जागतिक प्रारूपातला चौकोन सुमारे १२ किलोमीटरचा होता. डहाणूचा किनारा आणि आशागड दोन्ही एकाच चौकोनात मावू शकतात. २०२५ साली सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये तो ६ किलोमीटरचा झाला. चौकोनाची बाजू निम्मी केली की एकाचे चार चौकोन होतात. शिवाय वेळेची पावलेही साधारण निम्मी करावी लागतात. म्हणजे काम दुप्पट नव्हे, आठपट!

तरीही ६ किलोमीटरच्या चौकोनात कित्येक शेते येतात. एका शेतावर सर आणि पलीकडे ऊन, हे त्यात दिसत नाही. शिवाय सुरुवातीचे आकडेच चुकीचे असतील तर वेगवान यंत्र चुकीचे उत्तर वेगाने देईल, इतकेच. म्हणून महासंगणकाइतकेच महत्त्व जमिनीवरच्या निरीक्षणांना आहे. शाळेच्या अंगणात साधे पर्जन्यमापक ठेवून रोज ठरावीक वेळी नोंद घ्या. ती अंदाजाशेजारी लिहा. अंदाज कधी जुळला, कधी हुकला, हे मुलांना स्वतःच्या वहीतून कळेल, आणि भात कापण्याआधी घरी सांगायला काहीतरी खरे त्यांच्याजवळ असेल.