बेंगळुरूहून क्रूझला निघायचंय? आधी जिन्यांबद्दल बोला

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला तलाव भरपूर मिळाले, समुद्र तेवढा मिळाला नाही. उल्सूर झालं, सँकी टँक झाला, हेब्बाळ झालं; पण लाटा बघायच्या तर मंगळुरू नाही तर चेन्नई गाठावं लागतं, दोन्हीकडे साधारण साडेतीनशे किलोमीटर. तरीही सुट्ट्या जवळ आल्या की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकतंच. बाल्कनीसमोर निळाशार समुद्र, टेबलावर फळांची बशी आणि खाली 'प्रति व्यक्ती' असा मोहात पाडणारा आकडा. मग रात्री जेवणं आटोपल्यावर तुम्ही फोन घेऊन बसता आणि तासाभरात इतकी माहिती गोळा होते की काहीच ठरत नाही.

आमच्याकडे हा विषय सासूबाईंच्या पंचाहत्तरीला निघाला. त्या मूळच्या अलिबागजवळच्या. समुद्र बघत वाढल्या, पण बोटीत बसायला नेहमीच नाखूश. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ही गोष्ट त्यांच्या गावात घरोघरी सांगितली जायची. त्यामुळे नातवंडांनी 'आजी, क्रूझला जाऊ या' म्हटल्यावर त्या आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. मुलांनी तोवर एका साइटवर जहाजसुद्धा निवडून ठेवलं होतं. पैसे भरायचे तेवढे बाकी होते. माझ्या नवऱ्याने एवढंच म्हटलं, "जयनगरला तो एजंट आहे ना, त्याला एकदा विचारू या."

त्याने जहाज दाखवलंच नाही

एजंटाचं दुकान म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर जगाचा नकाशा. गृहस्थ कन्नड, हिंदी चांगलं, मराठी कानावरून गेलेलं. आम्ही मोबाइलवरचं जहाज पुढे केलं, तर त्याने ते बाजूला ठेवलं आणि सासूबाईंकडे वळून विचारलं, "अम्मा, जिने चढता येतात का?"

"चढते हो," सासूबाई म्हणाल्या, "उतरताना मात्र कुणीतरी धरावं लागतं."

या एका उत्तरावर आमचा सगळा बेत बदलला. आम्ही निवडलेलं जहाज सिंगापूरहून फुकेतला जाणारं होतं. फुकेतला पातोंगच्या किनाऱ्यापाशी मोठी जहाजं बहुधा धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. हलत्या पायरीवरून हलत्या बोटीत पाऊल टाकायचं. तरुणांना यात गंमत वाटते, पण गुडघे दुखणारी पंचाहत्तरीची बाई त्या दिवशी जहाजावरच बसून राहते. पेनांगला तसं नाही. तिथे जॉर्जटाउन शहरातल्या स्वेटनहॅम धक्क्याला जहाज थेट लागतं, शिडीवरून उतरलं की जुनं शहर समोर. क्वालालंपूरसाठी पोर्ट क्लांगलाही धक्का आहे, पण तिथून शहर तासाभराहून दूर, म्हणजे दिवसाचा मोठा भाग बसमध्येच जातो. हे साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं असं नाही. लिहिलेलं होतं, पण ते शोधायचं हे आम्हाला सुचलं नव्हतं. एजंटाकडे जायचं ते यासाठी. माहिती आता फोनमध्येच असते, पण आपल्या माणसांना बघून प्रश्न विचारणं फोनला जमत नाही.

म्हणून एजंटाकडे जाताना जहाजाचं नाव नको, घरातल्या माणसांची खरी माहिती न्या. कुणाला मधुमेह आहे, कोण रात्री चार वेळा उठतं, कोण कांदा-लसूण खात नाही, बाळ किती महिन्यांचं आहे. बऱ्याच क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत आणि चोवीस आठवड्यांपुढच्या गर्भवतीलाही नाही. विमानाचे नियम इथे चालतील असं गृहीत धरू नका. शाकाहारी आणि जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवून घ्या. ज्यांना प्रवासात मळमळतं त्यांची केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या बाल्कनीचा फोटो सुंदर येतो, झोप मात्र येईलच असं नाही.

'प्रति व्यक्ती'चा अर्थ

आता पैशांचं. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा दोघांनी एक केबिन घेतली तर दर माणशी किती, असा असतो आणि तोही खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचा. एकट्याने जायचं असेल तर पुष्कळदा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बाई याच कारणाने दोनदा हिरमुसून परत आल्या. शेवटी एजंटाने त्यांची गाठ त्यांच्यासारख्याच एकीशी घालून दिली. उलट त्याच केबिनमधला तिसरा-चौथा माणूस स्वस्तात जातो, पण चार जणांना एक बाथरूम हेही ध्यानात ठेवा.

भाड्यावर बंदर शुल्क आणि कर येतात. परदेशी जहाजांवर दर माणशी, दर रात्रीची टिप वेगळी लागते, ती लहान मुलांचीही द्यावी लागू शकते. शीतपेयं, वायफाय, काही खास रेस्टॉरंट आणि बंदरावरच्या सहली बहुधा भाड्यात नसतात. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण त्या क्षणी खिशातून जातोच. त्याचा दर बदलत आला आहे, तेव्हा चालू दर विचारून घ्या. एजंटाला सरळ सांगा, "घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा आकडा कागदावर लिहून द्या." जो एजंट असं लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडचा चहा पिऊन उठावं.

एजंट घेतला की महाग पडतं, हा समज अर्धाच खरा. क्रूझ कंपन्या एजंटाला कमिशन देतात, त्यामुळे भाडं साधारण तेच राहतं. काही जण वर सेवाशुल्क घेतात, ते आधी विचारा. नंतर काही बिघडलं तर हक्काने कुणाला फोन करायचा, याचा तो मोबदला समजा.

चेन्नईहून की सिंगापूरहून?

बेंगळुरूकरांपुढे मुख्यतः दोन रस्ते आहेत. देशातल्या देशात जायचं तर कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज आहे. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून सेवेत आलेलं हे जहाज सप्टेंबर २०२१पासून मुंबईहून फिरू लागलं. गोवा, लक्षद्वीप हे त्याचे नेहमीचे मार्ग. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जहाज पूर्व किनाऱ्यावर आणलं गेलं. जून २०२२मध्ये ते चेन्नईहून निघालं आणि जून २०२३मध्ये तिथून श्रीलंकेला, हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुरैला गेलं. आपल्याला चेन्नई जवळ, म्हणून हा हंगाम सोयीचा. वेळापत्रक मात्र दर वर्षी बदलतं. कुणी विचारलं म्हणून नाही, तारीख जाहीर झाली म्हणून बेत ठरवा.

चेन्नईला जायला सकाळची शताब्दी आहे आणि नोव्हेंबर २०२२पासून म्हैसूरहून येणारी वंदे भारतही आहे. पण जहाजाच्याच दिवशी सकाळी निघण्याचं धाडस करू नका. जहाज सुटण्याच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं आणि गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी जा, रात्री चेन्नईत मुक्काम करा, सकाळी शांतपणे इडली खाऊन बंदरावर पोचा.

दुसरा रस्ता सिंगापूरचा. आपल्या विमानतळावरून थेट विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं, म्हणजे जवळजवळ शताब्दीने चेन्नईला जाण्याएवढाच वेळ! खरी मेख व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढतात. तुम्ही विमानाने सिंगापुरात शिरता, हा एक प्रवेश. जहाज मलेशियाला जाऊन परत येतं, हा दुसरा. एकाच प्रवेशाचा व्हिसा हातात पडला तर परतताना पंचाईत. तेव्हा अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री सांगा आणि व्हिसा आल्यावर चष्मा लावून तो शब्द स्वतः वाचा. जहाज ज्या ज्या देशांत थांबणार त्यांचे नियमही त्या महिन्यात पुन्हा तपासा, ते बदलत राहतात.

एजंट कसा पारखाल?

मलाही वाटायचं, ओळखीतला असला की झालं. मग आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाने ओळखीतल्याच माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवले आणि निघायच्या आठ दिवस आधी कळलं की केबिन त्यांच्या नावावर झालेलीच नाही. आजोबांचे कपडेसुद्धा शिवून आले होते. पैसे थोडेथोडे करून परत आले, सुट्टी गेली ती गेली.

तेव्हापासून मी एवढं करते. पैसे फर्मच्या खात्यात, जीएसटी क्रमांक असलेल्या पावतीवर. आगाऊ रक्कम भरल्यावर एक-दोन दिवसांत क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक मागते आणि तो क्रमांक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये घालून सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे दिसतात का ते बघते. एजंट कितीही गोड बोलो, नाव तिथे दिसलं तरच केबिन आपली. रद्द करण्याचे नियमही आधीच वाचून घ्या. तारीख जवळ येते तशी कापली जाणारी रक्कम वाढते आणि शेवटी शेवटी काहीच परत मिळत नाही. विमा घेताना त्यात क्रूझ धरली आहे का हे विचारा, कारण जहाजावरच्या डॉक्टरचं बिल किरकोळ नसतं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बॅगेबद्दल एक सूचना. इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू आगीच्या भीतीने जहाजावर सहसा चालत नाहीत, घरी शिजवलेलं अन्नही नाही. मेथीचे ठेपले आणि दशम्या विमानातच संपवा. पाकीटबंद चिवडा, लाडू बहुधा चालतात, एजंटाकडून खात्री करून घ्या. आणि मुलांना सांगा, जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर. खोल समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

आमचं शेवटी पेनांगचं ठरलं. पण पैसे भरण्याआधी एजंटाने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले आणि सासूबाईंचा बघून मान हलवली. प्रवासाच्या तारखेला त्याची मुदत जेमतेम चार महिने उरत होती, लागते किमान सहा. मुलांच्या घाईने त्या रात्री पैसे भरले असते तर आजीला विमानतळावरूनच घरी यावं लागलं असतं. लालबाग रोडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आम्ही दोघी गेलो, नवा पासपोर्ट आला, मग केबिन घेतली.

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना संकटात कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं हे दाखवतात. बाकीचे मोबाइल बघत होते. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत लक्ष दिलं, आमच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक नातवाकडून वहीत लिहून घेतला आणि वर किती लाइफबोटी टांगल्या आहेत ते स्वतः मोजून आल्या. मग म्हणाल्या, "हं, आता सोडा म्हणावं."

तुमच्या घरातले पासपोर्ट कपाटातून काढून आजच तारखा बघून ठेवा.