चालू शोध-सर्व्हरवरील कॉन्फिगरेशनबदल आणि संहिताशोधाची विश्वसनीयता

अमुक एक शब्द अमुक कालखंडातील गद्यात आढळत नाही, असे विधान करण्यासाठी पूर्वीच्या अभ्यासकाला त्या गद्याचे वर्षानुवर्षे वाचन करावे लागे. आज संहितासंग्रहाच्या शोधचौकटीत तो शब्द टाकला जातो, 'शून्य नोंदी' असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर पुरावा म्हणून प्रबंधात दाखल होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासात अशा अभावात्मक पुराव्याला मोठे महत्त्व आहे. एखादी संज्ञा एका भाषेत केव्हा रुजली आणि शेजारच्या भाषेत केव्हा, याविषयीचे अनुमान बहुधा त्यावरच उभे असते. मात्र ते 'शून्य' ग्रंथांनी दिलेले नसते. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये असलेल्या शोध-सर्व्हरने, त्या क्षणी लागू असलेल्या कॉन्फिगरेशननुसार, ते दिलेले असते. हे कॉन्फिगरेशन सर्व्हर चालू असताना, वाचकाला चाहूलही न लागता, बदलता येते. बदलानंतर संग्रहाच्या कोणत्या भागाचे वाचन नव्या नियमाने होते आणि कोणत्या भागाचे जुन्याच नियमाने होत राहते, हा प्रश्न तंत्रज्ञाइतकाच संहिताभ्यासकाचाही आहे.

उदाहरणासाठी 'सोलर' हा सर्व्हर घेणे सोयीचे आहे. ग्रंथालये आणि संहितासंग्रह यांच्यासाठी तो दीर्घकाळ वापरात आहे. (नावाचा उच्चार सौरऊर्जेची आठवण करून देणारा असला, तरी तिच्याशी त्याचा संबंध नाही.) 2004 मध्ये सीनेट या कंपनीत योनिक सीली यांनी त्याची निर्मिती केली आणि 2006 मध्ये तो अपाची प्रतिष्ठानाच्या स्वाधीन झाला. त्याचा गाभा म्हणजे 'ल्युसीन' ही डग कटिंग यांनी 1999 मध्ये निर्माण केलेली शोधप्रणाली होय.

शोधाच्या वेळी सर्व्हर ग्रंथांची पाने उलटत नाही. ग्रंथ प्रथम दाखल होतो तेव्हाच त्यातील शब्द सुटे करून, ठरलेल्या नियमांनी त्यांना एकरूप करून, कोणता शब्द कोणत्या ग्रंथात आहे याची शब्दसूची सिद्ध केली जाते. छापील ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या शब्दसूचीसारखीच ही कल्पना आहे. वाचकाने विचारलेला शब्दही याच नियमांतून पार पडतो आणि मग त्या सूचीत शोधला जातो. म्हणजे नियम दोन वेळा लागतात: एकदा ग्रंथ दाखल होताना आणि एकदा प्रश्न विचारला जाताना. पहिल्या वेळेचे फलित सूचीत कायम होऊन बसते, दुसऱ्या वेळेचे दर प्रश्नागणिक नव्याने घडते. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर अवलंबून आहे.

या नियमांची गरज मराठी संहितांच्या बाबतीत तर उघडच आहे. 1962 च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून वगळले. त्यापूर्वीच्या मुद्रित ग्रंथांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरें', 'तें' अशी रूपे सर्रास आढळतात. संगणकाच्या दृष्टीने 'नाहीं' आणि 'नाही' हे दोन भिन्न शब्द होत. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांपासून आजच्या कादंबरीपर्यंतचे साहित्य एकाच संग्रहात असेल, तर शब्दान्तीचा असा अनुस्वार काढून टाकणारा नियम कधी ना कधी कोणाला तरी सुचणारच. संग्रह वाचकांसाठी खुला झाल्यावर तो सुचला, की चालू सर्व्हरवर बदल करण्याचा प्रसंग येतो.

सोलरमध्ये यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही. प्रत्येक संग्रहाचा कारभार पाहणाऱ्या घटकास तेथे 'कोअर' म्हणतात. कॉन्फिगरेशनच्या फायलींत बदल करून त्या कोअरला 'रिलोड' ही आज्ञा दिली, की बदललेल्या फायली वाचून एक नवा कोअर उभा राहू लागतो. तो सिद्ध होईपर्यंत वाचकांचे प्रश्न जुनाच कोअर सोडवीत असतो. नवा सिद्ध झाला की प्रश्न त्याच्याकडे वळतात, आणि जुना आपल्या हातातील प्रश्न पुरे करून निवृत्त होतो. नव्या फायलीत चूक असून कोअर उभाच राहिला नाही, तर जुना पूर्ववत चालू राहतो. शब्दसूची कोठे ठेवावी, ती लिहिणाऱ्या यंत्रणेची मांडणी कशी असावी, असे काही निर्देश मात्र साध्या रिलोडने अमलात येत नाहीत. अनेक यंत्रांवर विभागलेल्या संग्रहात कॉन्फिगरेशन 'झूकीपर' या समन्वयक प्रणालीत ठेवलेले असते आणि रिलोडची आज्ञा सर्व प्रतींकडे जाते. सर्व प्रती एकाच क्षणी बदलतील अशी हमी नसल्याने त्या अल्पकाळात एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळणे शक्य असते. ही गोष्ट किरकोळ आहे. गंभीर गोष्ट वेगळीच आहे.

रिलोडने नियम बदलतात, शब्दसूची बदलत नाही. समजा, शब्दान्तीचा अनुच्चारित अनुस्वार काढण्याचा नियम दोन्ही वेळांसाठी लागू करून रिलोड केले, पण ग्रंथ पुन्हा दाखल केले नाहीत. आता अभ्यासक 'नाहीं' हा शब्द शोधतो. नवा नियम त्याचे 'नाही' करतो आणि सर्व्हर सूचीत 'नाही' शोधू लागतो. जुन्या ग्रंथांच्या नोंदी मात्र सूचीत 'नाहीं' अशाच पडून आहेत. परिणामी, कालपर्यंत सापडणारे जुने ग्रंथ आज सापडेनासे होतात. ज्या ग्रंथांसाठी नियम केला, नेमके तेच नाहीसे होतात. पडद्यावर त्रुटीचा संदेश येत नाही. उत्तर नेहमीच्याच वेगाने येते, आणि 1962 नंतरच्या ग्रंथांतील भरपूर नोंदी त्यात असल्याने कोणाला शंकाही येत नाही. त्यानंतर दाखल झालेले किंवा दुरुस्त करून पुन्हा दाखल केलेले ग्रंथ तेवढे नव्या नियमाने सूचीत जातात, आणि सूची दोन वाचनांची मिसळ होऊन बसते. सूचीचे तुकडे सर्व्हर वेळोवेळी आपणहून एकत्र करीत असतो, परंतु त्या क्रियेत शब्दांचे पुन्हा विश्लेषण होत नाही. तो दोष आपोआप भरून निघत नाही. त्यासाठी सर्व ग्रंथ मूळ संहितेवरून पुन्हा दाखल करावे लागतात, आणि मूळ फायली जपून ठेवलेल्या नसतील तर तोही मार्ग खुंटतो.

याउलट समानार्थी शब्दांची यादी केवळ प्रश्नाच्या वेळेपुरती लावली, तर रिलोड होताच ती पूर्णपणे परिणामकारक ठरते. 'नाहीं' आणि 'नाही' ही रूपे यादीत एकत्र लिहिली, की एक विचारले असता दोन्ही शोधली जातात. सूचीला हात लागत नाही, आणि नको झाल्यास यादी मागे घेता येते. मराठीच्या विभक्तिरूपांमुळे ही यादी लांबत जाते हे खरे. तरीही संहितेच्या अभ्यासकाने तंत्रज्ञाकडे प्रथम मागावा असा बदल हाच होय. अनुस्वार काढून टाकण्याचा नियम सूचीत उतरला, की 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन यांतील भेद तेथे उरत नाही, आणि व्याकरणिक रूपांचा इतिहास पाहणाऱ्याला तो भेदच हवा असतो. शब्दाच्या मध्यावरचा अनुस्वारही काढला, तर 'नांव' आणि होडी या अर्थाचा 'नाव' एकच होतात.

बहुभाषिक संग्रहांत आणखी एक मोह संभवतो. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी या भाषांची लिपी देवनागरी असल्याने त्या सर्वांना एकच नियमावली लावण्याची कल्पना सहज सुचते. ल्युसीनमध्ये हिंदीसाठी तयार नियमावली आहे. हिंदीतील लेखनभेद मिटविण्याच्या हेतूने तिच्यातील एकरूपीकरणाचा फिल्टर नुक्ता काढतो, हलन्त चिन्ह काढतो, दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करतो, ऐकाराचा एकार आणि औकाराचा ओकार करतो, 'ॅ' आणि 'ॉ' यांच्या जागी 'े' आणि 'ो' ठेवतो. हिंदीपुरते पाहता या योजनेमागे विचार आहे. तीच मराठीला लावली असता 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'बैल' आणि 'बेल', 'गौरी' आणि 'गोरी', 'बॅट' आणि 'बेट' या जोड्या सूचीत एक होतात. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचे तर विशेष आहे. मराठीच्या 'ऱ्य'साठी युनिकोडमध्ये जे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, ते तेथे नुक्ता असलेला 'र' म्हणून गणले जाते. नुक्ता आणि हलन्त दोन्ही गेल्यावर दोहोंचेही 'दरया' होते, आणि डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्यापुढे समुद्र येऊन उभा राहतो. चालू सर्व्हरवर हा फिल्टर एका ओळीत चढविता येतो. तो उतरविण्यासाठी मात्र पुन्हा संपूर्ण संग्रह दाखल करावा लागतो.

येथे इलॅस्टिकसर्च या 2010 मध्ये आलेल्या सर्व्हरशी तुलना उद्बोधक ठरते. तोही ल्युसीनवरच उभा आहे. परंतु ग्रंथ दाखल करतानाचे विश्लेषण तो अस्तित्वातील क्षेत्रापुरते बदलूच देत नाही. प्रश्नाच्या वेळचे विश्लेषण मात्र बदलू देतो. चालू असताना नव्याने वाचता येणारी समानार्थी शब्दांची यादीही (ही सोय 2019 मधील 7.3 या आवृत्तीपासूनची) प्रश्नाच्या वेळेपुरतीच वापरता येते. सोलर अशी मनाई करीत नाही, जबाबदारी सांभाळणाऱ्यावर सोपवितो. संहितासंग्रहाच्या दृष्टीने पहिली भूमिका अधिक सुरक्षित मानावी लागेल.

बदलाची नोंद कोठे राहते, हाही प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही. 2015 मधील पाचव्या आवृत्तीपासून सोलरचे बरेचसे निर्देश फाइल न उघडता, चालू सर्व्हरला आज्ञा पाठवून बदलता येतात. हे बदल मूळ कॉन्फिगरेशन फायलीत लिहिले जात नाहीत. एका वेगळ्या फायलीत साठतात आणि मूळ निर्देशांवर आच्छादनासारखे बसतात. कोणी सद्भावाने मूळ फाइल दाखविली, तरी लागू असलेले निर्देश तेवढेच असतील असे नाही. हस्तलिखिताच्या समासातील दुरुस्त्या वगळून केलेल्या नकलेसारखे हे आहे. ज्ञानेश्वरीचे एकनाथांनी केलेले शुद्धीकरण शके 1506, म्हणजे 1584 मधील, हे आज सांगता येते, कारण त्याची कालनिर्देशासह नोंद ओवीतच परंपरेने जपली. संहितासंग्रहांच्या सूचींना अशी पुष्पिका क्वचितच असते.

पूर्ण पुनर्नोंदणीची रूढ पद्धत अशी की नव्या नियमांनी दुसरा संग्रह शेजारी उभारावा, तो तपासावा, आणि वाचक वापरतात ते पर्यायी नाव जुन्यावरून काढून नव्याकडे वळवावे. सेवा खंडित होत नाही आणि मिसळही होत नाही. अडचण एवढीच की पर्यायी नाव तेच राहत असल्याने उद्धृत करणाऱ्याला आपण कोणत्या सूचीला विचारले हे कळत नाही. संग्रहाचे खरे नाव आणि अखेरच्या पूर्ण पुनर्नोंदणीचा दिनांक शोधपानावर छापणे कठीण नाही, आणि जुना संग्रह काही काळ राखून ठेवला तर आधीचे निष्कर्ष पडताळता येतात.

अभ्यासकाला स्वतः करता येण्याजोगी एक तपासणी आहे. सोलरच्या व्यवस्थापन-पटलावर 'अॅनालिसिस' नावाचे पान असते. एखादा शब्द दाखल होताना आणि विचारला जाताना त्याचे काय होते, ते तेथे टप्प्याटप्प्याने दिसते. परंतु हे पान आज लागू असलेले नियम दाखविते, सूचीत प्रत्यक्ष काय आहे ते दाखवीत नाही. त्यासाठी 'टर्म्स' हा वेगळा घटक आहे. तो सूचीतील शब्द जसेच्या तसे, प्रत्येक शब्द किती नोंदींत आहे त्या संख्येसह देतो. अनुस्वार काढण्याचा नियम पहिल्या ठिकाणी दिसत असून दुसऱ्या ठिकाणी 'नाहीं' अजून हजेरी लावत असेल, तर नियमबदलानंतर संग्रहाची पूर्ण पुनर्नोंदणी बहुधा झालेली नाही, आणि त्या दिवशी मिळालेले 'शून्य' उद्धृत करू नये.