ऋतू बदलला, आता केशरचनाही बदला

चंदीगडचा उन्हाळा भाजून काढतो, पावसाळा चिकचिक करतो आणि हिवाळा गारठवतो. अशा हवेत वर्षभर एकच केशरचना कशी चालेल? प्रत्येक मोसमात सुंदर दिसणाऱ्या, केसांना जपणाऱ्या आणि हेल्मेटखालीही नीट बसणाऱ्या काही सोप्या केशरचना.

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेले चंदीगड हे आखीव रस्त्यांचे आणि मोकळ्या बागांचे शहर आहे. सेक्टर १७ च्या बाजारपेठेत संध्याकाळी फेरफटका मारला, तर इथल्या स्त्रियांना नटण्याची किती हौस आहे ते लगेच कळते. केशरचनेच्या बाबतीत मात्र इथे खरी सत्ता चालते ती हवामानाची. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, जुलैपासून पाऊस आणि दमटपणा येतो, तर डिसेंबर-जानेवारीत धुक्यासोबत थंडी हाडांपर्यंत पोहोचते.

मुंबई-पुण्याहून बदलीच्या निमित्ताने इथे येणाऱ्या मराठी गृहिणींना पहिल्याच हिवाळ्यात एक गंमत अनुभवायला मिळते. बाटलीतले खोबरेल तेल दगडासारखे घट्ट होते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे ते वापरण्यापूर्वी बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. ज्या शहरात तेलाचेसुद्धा ऋतूप्रमाणे रूप बदलते, तिथे केसांची तऱ्हा तरी एकच कशी राहील?

केसांना हवा का लागते?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. पाणी लागले की या प्रथिनातले काही नाजूक बंध सुटतात आणि केस सुकताना ते पुन्हा जुळतात. म्हणूनच ओलसर केसांना रोलर लावून ते सुकवले की कुरळेपणा टिकतो आणि दमट हवेत गेले की तासाभरात मोडतो. ओले केस ताणले जातात व लवकर तुटतात, हेही त्याच कारणाने. हे एकदा लक्षात आले, की कोणत्या मोसमात कोणती केशरचना टिकेल याचा अंदाज आपला आपल्यालाच बांधता येतो.

उन्हाळा : मान मोकळी, केस झाकलेले

एप्रिलच्या अखेरीपासून गरम, कोरडे वारे सुरू होतात. केसांतला ओलावा उडतो आणि टोके दुभंगतात. या दिवसांत केस मोकळे सोडण्याचा मोह टाळावा.

लांब केसांसाठी सागरवेणी उत्तम. तिलाच आता सगळ्या जणी फ्रेंच वेणी म्हणतात. कपाळाच्या वरच्या भागातून केसांची एक बट घेऊन तिचे तीन पेड करावेत. प्रत्येक वळणाला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे केस त्यात मिळवत मानेपर्यंत यावे आणि पुढे साधी वेणी घालावी. वेणीचे टोक आत वळवून पिनांनी अडकवले, तर मानही मोकळी राहते.

मध्यम केसांचा मानेवर सैल अंबाडा बांधावा. त्यासाठी रबर बँड वापरू नये, कापडी बँड घ्यावा. बाहेर पडताना डोक्यावर सुती ओढणी घ्यावी. पंजाबी स्त्रियांची ओढणी शोभेइतकीच उन्हासाठीही असते.

पावसाळा : परांद्याचे दिवस

दमट हवेत केस फुलतात, विस्कटतात आणि तासन् तास सुकत नाहीत. या मोसमात इस्त्री केल्यासारखे सरळ केस किंवा मोठे कुरळे ठेवण्याचा अट्टहास व्यर्थ ठरतो. केस कापून आखूड करायचे असतील, तर मुहूर्त हाच. खांद्यापर्यंतचे केस लवकर सुकतात आणि त्यांची निगाही सोपी असते.

याच दिवसांत, श्रावणातल्या तीजेला, पंजाबी मुलींच्या पाठीवर परांदा झुलू लागतो. रंगीत धाग्यांचे तीन पेड आणि टोकाला गोट्याचे किंवा मण्यांचे झुबकेदार गोंडे असे त्याचे रूप. पटियाळ्याचे परांदे विशेष प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे आजी-पणजी खोपा भरदार दिसावा म्हणून गंगावन वापरत. परांद्याचे कामही काहीसे तेच, फक्त तो लपत नाही, मिरवतो.

परांदा घालण्याची रीत सोपी आहे. आधी मानेपासून साधी तीनपेडी वेणी घालायला घ्यावी. साधारण तिसरा भाग झाला की वेणीच्या एकेका पेडात परांद्याचा एकेक पेड मिळवावा व शेवटपर्यंत वेणी घालून खाली घट्ट बांधावे. परांद्याचे वजन मात्र आधी हातात घेऊन पाहावे. जड गोंड्यांचा परांदा दिवसभर लटकला, तर सगळा ताण केसांच्या मुळांवर येतो. केस विरळ असतील, तर हलका सुती किंवा रेशमी परांदाच घ्यावा. आणि केस पूर्ण सुकल्याशिवाय वेणी घालू नये. ओल्या केसांची वेणी दिसायला चापूनचोपून दिसली, तरी केस तुटण्याची सुरुवात तिथेच होते.

हिवाळा : लग्नसराई आणि लोहडी

थंडीत घाम नाही आणि दमटपणाही कमी, त्यामुळे केसांना दिलेला आकार टिकतो. रोलर, फ्रेंच रोल, मोकळ्या लाटा असे जे काही हौसेने करायचे ते या दिवसांत. ओलसर केसांच्या बटा मोठ्या रोलरवर गुंडाळाव्यात, पूर्ण सुकू द्याव्यात आणि मग ब्रश न वापरता बोटांनीच मोकळ्या कराव्यात. हेअर ड्रायर केसांपासून निदान वीतभर लांब धरावा आणि एकाच जागी रोखून ठेवू नये.

लोकरीची टोपी व मफलर यांच्या घर्षणाने केस उभे राहतात आणि टोकांना तुटतात. टोपीच्या आत रेशमी किंवा सॅटिनचा रुमाल बांधला, तर हा त्रास बराच कमी होतो. कढत पाण्याने डोके धुणेही टाळावे. त्वचा कोरडी पडते आणि कोंड्याची तक्रार वाढते. आठवड्यातून एकदा कोमट तेल लावावे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. त्यात केसांतल्या प्रथिनांचा ऱ्हास कमी करण्यात खोबरेल सरस ठरले. तेव्हा बाटली कोमट करण्याची खटपट वाया जात नाही.

१३ जानेवारीला लोहडीची शेकोटी पेटते. भोवती गिद्ध्याचा फेर धरताना मोकळे केस, लोंबता कृत्रिम धाग्यांचा परांदा आणि उडती ओढणी ही तिन्ही धोक्याची. त्या संध्याकाळी वेणीचा अंबाडा बांधावा आणि ओढणी खोचून घ्यावी. गुरुद्वारात जायचे असेल, तर तिथे सर्वांनाच डोके झाकावे लागते. उंच अंबाड्यावरून ओढणी सारखी घसरते, म्हणून अंबाडा मानेवर, खालीच असावा.

वसंत : थोडी हौस

फेब्रुवारी-मार्चचे दिवस चंदीगडचे सर्वांत सुंदर. सेक्टर १६ मधल्या झाकीर हुसेन गुलाब उद्यानात रोझ फेस्टिव्हल भरतो आणि सगळे शहर तिथे लोटते. ही हवा मोकळ्या केसांची. दोन्ही कानांवरच्या बटा पिळून मागे एका क्लिपमध्ये अडकवाव्यात आणि बाकी केस मोकळे सोडावेत. एखादा गुलाब कानामागे खोचायलाही हरकत नाही, मात्र तो उद्यानातला नसावा!

कपाळ रुंद असेल, तर पुढे आखूड बटा शोभतात. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’ चित्रपटात साधनाचे रुंद कपाळ झाकण्यासाठी हीच युक्ती योजली होती. प्रेरणा ऑड्री हेपबर्नच्या केशरचनेची होती, पण भारतात ती ‘साधना कट’ म्हणूनच घरोघर पोहोचली. चेहरा गोल असेल, तर बटा सरळ न कापता बाजूला वळवाव्यात. चेहरा लांबट असेल, तर डोक्यावर उंची न देता दोन्ही बाजूंना भरदारपणा द्यावा.

हेल्मेट की हेअरस्टाइल?

या प्रश्नाला चंदीगडमध्ये फार महत्त्व आहे, कारण इथल्या कितीतरी मुली आणि गृहिणी स्कूटरवरूनच फिरतात. २०१८ मध्ये चंदीगड प्रशासनाने नियम बदलून स्त्रियांनाही हेल्मेट सक्तीचे केले. सुरुवातीला सूट होती ती फक्त पगडी बांधणाऱ्या शीख स्त्रियांना. शीख संघटनांनी त्याला विरोध केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सर्वच शीख स्त्रियांना सूट देण्याची सूचना केली. हा धार्मिक श्रद्धेचा प्रश्न होता. पण हेल्मेट टाळणाऱ्या अनेक जणींचे कारण वेगळेच असते, ते म्हणजे केस विस्कटतात. पुण्यात स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुलींकडूनही हेच उत्तर ऐकायला मिळते. स्कार्फ धुळीपासून वाचवतो, डोके फुटण्यापासून नाही.

हेल्मेटमुळे केस गळतात, हा समजही सर्रास आढळतो. केसांच्या मुळांना पोषण रक्तातून मिळते. डोके थोडा वेळ झाकले म्हणून ती गुदमरत नाहीत. त्रास होतो तो घामाने, मळक्या अस्तराने आणि आतल्या घट्ट बांधलेल्या केसांनी. त्यावर उपाय सोपे आहेत.

* डोक्याच्या मागे, वरच्या बाजूला पोनीटेल, अंबाडा किंवा क्लचर लावून हेल्मेट घालू नये. ते पूर्ण खाली बसत नाही आणि अपघातात निसटू शकते. केस हेल्मेटच्या कडेखाली, मानेवर सैल वेणीत असावेत.
* आत पातळ सुती रुमाल बांधावा व रोज धुवावा. अस्तर काढता येत असेल, तर तेही अधूनमधून धुवावे.
* ओल्या केसांवर हेल्मेट घालू नये. सकाळची घाई असेल, तर केस आदल्या संध्याकाळी धुवावेत.
* आयएसआय खूण असलेले, आपल्या मापाचे हेल्मेट घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावावाच.
* पोहोचल्यावर डोके खाली झुकवून बोटांनी मुळांपाशी केस सैल करावेत. पर्समध्ये रुंद दातांचा कंगवा आणि दोन पिना असल्या, की दोन मिनिटांत केशरचना ठीक होते.

ताण ओळखा

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, त्यामुळे कंगव्यात केस दिसले की घाबरून जाऊ नये. पण कपाळाच्या कडेला किंवा कानशिलांवर केस विरळ होत असतील, वेणी घातल्यावर डोके दुखत असेल किंवा मुळांशी बारीक पुळ्या येत असतील, तर ती रोजच्या घट्ट बांधणीची तक्रार समजावी. हा त्रास सुरुवातीला ओळखला आणि बांधणी सैल केली, तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ताण चालू राहिला, तर मुळे कायमची निकामी होतात आणि मग कोणतेही तेल उपयोगी पडत नाही. शाळकरी मुलींच्या दोन घट्ट वेण्या घालणाऱ्या आयांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

म्हणून भांगाची जागा अधूनमधून बदलावी, आठवड्यातून एखादा दिवस केसांना पूर्ण सुट्टी द्यावी आणि रात्री झोपताना वेणी सैल असावी. महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहून कपाळाची कड नीट पाहावी. केस विरळ होत असल्याचे तिथे दिसले, तर नवी केशरचना शिकण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांची भेट घ्यावी.