विश्लेषण : एनबीए मुंबईत आली ते 2019… बास्केटबॉलसाठी हे वर्ष इतके महत्त्वाचे का?

डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर आणि गाडी बदलून महालक्ष्मी. 4 ऑक्टोबर 2019 रोजी एनबीए आपल्या इतक्या जवळ आली होती. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातील पहिला एनबीए सामना झाला. त्या वर्षी जगभरातही या खेळाची गणिते बदलत होती.

मुंबईत काय घडले?
इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला अतिरिक्त वेळेत 132-131 असे हरवले. दुसऱ्या दिवशीही पेसर्सच 130-106 ने जिंकले. दोन्ही लढती हंगामपूर्व होत्या. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईकर. पहिला सामना खास शाळकरी मुलांसाठी होता. 70 हून अधिक शाळांतील तीन हजारांवर मुले तिथे होती.

जगात काय बदलले?
जूनमध्ये टोरांटो रॅप्टर्सने एनबीए जिंकली. अमेरिकेबाहेरील संघाचे हे पहिलेच विजेतेपद. सप्टेंबरमध्ये चीनमधील विश्वचषकात स्पेनने अर्जेंटिनाला 95-75 ने नमवले. अमेरिका थेट सातवी!

अमेरिका का हरली?
अनेक बड्या खेळाडूंनी माघार घेतली होती. शिवाय नियम वेगळे. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, तर विश्वचषकात 40 मिनिटांचा. तीन गुणांची रेषाही एनबीएपेक्षा जवळ. एकत्र खेळून मुरलेल्या युरोपीय संघांना याचा फायदा होतो.

चीनचा वाद काय होता?
मुंबईत पहिला सामना झाला, त्याच दिवशी ह्युस्टन रॉकेट्सचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगमधील आंदोलकांना पाठिंबा देणारे ट्वीट केले. चिनी सरकारी वाहिनीने एनबीएच्या हंगामपूर्व सामन्यांचे प्रक्षेपण थांबवले. एकाच बाजारपेठेवर विसंबण्याचा धोका त्यातून उघड झाला.

भारत कुठे होता?
पुरुष संघ विश्वचषकात नव्हता. ऑलिम्पिकमध्येही तो एकदाच, 1980 मध्ये मॉस्कोत खेळला. महिलांचा आशिया चषक 2019 मध्ये बेंगळुरूत झाला. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघात होती, पण आठ संघांत भारत आठवा आला. म्हणजे यजमानपद मिळाले, प्रेक्षकही मिळाले. खेळाडू घडवणारी साखळी मात्र अपुरीच राहिली.

मग डोंबिवलीतील मुलांनी खेळायचे कुठे?
पूर्ण कोर्टला 28 बाय 15 मीटर जागा लागते. दाट वस्तीच्या शहरात ती सहज मिळत नाही. पण ‘थ्री बाय थ्री’ प्रकारासाठी 15 बाय 11 मीटर आणि एकच बास्केट पुरते. दहा मिनिटे खेळ, आधी 21 गुण करणारा संघ विजयी. टोकियोपासून हा ऑलिम्पिक प्रकार आहे. शाळेच्या पटांगणाचा एक कोपरा शाळा सुटल्यावरही खुला राहिला, तरी सुरुवात होऊ शकते. मुंबईच्या नागपाड्याने हे करून दाखवले आहे. तिथल्याच गल्ल्यांमधून अब्बास मुंतसिर भारतीय संघापर्यंत पोहोचले आणि 1970 च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.