उंचीवरचा दम आणि फुप्फुसांतील पाणी

फुप्फुसांत पाणी झाले म्हटले की घरची मंडळी प्रथम हृदयाची चिंता करतात. परंतु हृदय पूर्ण सक्षम असतानाही फुप्फुसांत पाणी साचू शकते. अतिउंचीवर हा विकार आढळतो, म्हणून अष्टापदाच्या ओढीने कैलास-मानसरोवरास निघणाऱ्यांनी आणि विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी तो ओळखला पाहिजे. शिखरजीचा पहाड सुमारे १,३६५ मीटर; तेथे ही भीती नाही. धोका साधारणतः २,५०० मीटरांपुढे सुरू होतो. लेह ३,५०० मीटरांवर आहे, तर कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड ५,६०० मीटरांहून उंच.

विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, पण सर्वत्र सारख्या नव्हे. ज्या मोकळ्या राहतात त्यांवर रक्ताचा दाब वाढतो आणि द्रव वायुकोशांत झिरपतो. अमेरिकेचे डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे भारतीय सैन्यातील डॉ. इंदर सिंग यांनी हिमालयातील जवानांचा अभ्यास केला. धडधाकट तरुणही यातून सुटत नाहीत.

लक्षणे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतात आणि रात्री बळावतात. माणूस सोबत्यांच्या मागे पडू लागतो, कोरडा खोकला येतो, मग बसल्या जागीही धाप लागते. ओठ निळसर होणे व गुलाबी फेसाळ कफ ही उशिराची चिन्हे. आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो: उपवासाचा अशक्तपणा समजून पहिले लक्षण दुर्लक्षिले जाते. विश्रांतीनंतरही धाप शमत नसेल तर ते उपवासाचे लक्षण नव्हे.

उपाय एकच खरा, ताबडतोब खाली उतरणे, शक्यतो १,००० मीटर तरी. रुग्णाला चालवू नये. सोबत प्राणवायू, ऊब आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निफेडिपिन. हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्या येथे देऊ नयेत. चोविहार असेल तर औषध कसे द्यावे, हा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. गंभीर आजारासाठी पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत, हे निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांकडून समजून घ्यावे.

३,००० मीटरांपुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. लेहला पहिले दोन दिवस विश्रांती न देणारा सहलीचा कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी नाकारावा.