पाळीतील वेदना आणि अस्तरातील प्रथिने

"पाळीत पोट दुखायचेच," असे म्हणून घरोघरी मुलींना गप्प बसविले जाते. परंतु या दुखण्याने दर महिन्याला कॉलेज किंवा मजुरी बुडत असेल, तर त्यामागे एंडोमेट्रिऑसिस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो.

गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला जाड होते व गर्भ न राहिल्यास पाळीवाटे बाहेर पडते. या आजारात अस्तरासारख्याच पेशी बीजकोशावर व ओटीपोटात वाढतात. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात जाते, असे कारण अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडले. पण असे बहुतेक स्त्रियांत घडते. आजार मात्र थोड्यांनाच होतो. मग फरक कोठे?

याचे एक उत्तर प्रथिनांत आहे. बँकेच्या सर्व शाखांत नियमपुस्तिका एकच असते. कोणती खिडकी केव्हा उघडायची, हे मात्र गरजेवर ठरते. तशी सर्व पेशींत जनुके सारखीच. अस्तरात कोणते प्रथिन केव्हा व किती बनावे, हे मुख्यतः संप्रेरके ठरवितात. या आजारात अस्तर प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाही. बाहेर वाढलेल्या पेशी अ‍ॅरोमॅटेज नावाचे प्रथिन बनवितात. त्यामुळे तेथेच इस्ट्रोजेन तयार होऊन वाढ चालू राहते. गर्भ रुजण्यास मदत करणारे इंटिग्रिन काही रुग्णांत कमी आढळले आहे. तेव्हा मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणे अज्ञानाचे आहे.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये, रक्तातील काही प्रतिपिंडांवरून लवकर निदान करता येईल का, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तरीही केवळ रक्त तपासून खात्रीचे निदान अजून होत नाही. तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय व गरजेनुसार दुर्बिणीचा आधार घ्यावा लागतो.

मराठवाड्याला याचे महत्त्व अधिक आहे. २०१९ मध्ये शासकीय समितीला बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. त्या सर्वांना हाच आजार होता, असे नव्हे. पण पिशवी काढूनही बाहेरील पेशी राहिल्या, तर दुखणे राहू शकते, हे जाणून घ्यावे. वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या, दुर्बिणीची शस्त्रक्रिया असे अन्य उपाय आहेत. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पिशवी काढण्यास होकार देण्यापूर्वी तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे. आणि शिकणाऱ्या मुलींनी ही माहिती आपल्या आईला व शेजारणीला समजावून सांगावी.