पाहुण्यांचें खाणें

तळेगांव दाभाड्याहून नवलाख उंबऱ्याकडे जाणारा रस्ता दिवसभर मालमोटारींनीं गजबजलेला असतो. संध्याकाळीं कारखान्यांची पाळी सुटली, कीं रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर दिवे लागतात आणि लाल अक्षरांतील ‘चायनीज’ ही पाटी दिसूं लागते. अशाच एका गाडीजवळच्या बाकावर आम्ही एका संध्याकाळीं सावकाश दीड तास घालविला. थोडक्या पैशांत पोट तर भरलेंच. पण समोर आलेल्या प्रत्येक पदार्थाच्या नांवामागें कांहीं इतिहास आहे, हें ध्यानांत येऊन मनासही खाद्य मिळालें. तेंच आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

या भागांत चिनी वस्ती नाहीं. पण ती होण्याचा योग एकदां आला होता. येथील औद्योगिक वसाहतींत जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. तो ग्रेट वॉल मोटर्स ही चिनी कंपनी घेणार, असें 2020 च्या आरंभीं ठरलें. त्याच वर्षीं जूनमध्यें गलवान खोऱ्यांत उभय देशांच्या सैन्यांची चकमक झाली, सरकारी परवानगी रखडली, आणि 2022 सालीं तो बेत सोडून देण्यांत आला. पुढें कारखाना ह्युंदाई या कोरियन कंपनीकडे गेला. चिनी माणसें आलीं नाहींत. चिनी म्हणविणारें खाणें मात्र त्यापूर्वींच येऊन बसलें होतें. तें आलें कोठून?

प्रथम गाडीवाल्याचें कसब पाहूं. शेवया दुपारींच उकडून, तेलाचा हात लावून ठेवलेल्या असतात. कोबी, गाजर व ढोबळी मिरची अगदीं बारीक चिरलेली असते. वाटोळ्या तळाच्या लोखंडी कढईखालीं जाळ मोठा. दोनतीन मिनिटांत सारें परतून तयार! चिरलेला तुकडा जितका बारीक, तितकी उष्णता त्यांत लवकर शिरते व जळण थोडें लागतें. हें शहाणपण खास चिनी स्वयंपाकघरांतलें आहे.

पदार्थांचीं नांवें मात्र फसवीं आहेत. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रदेश. पण मंचुरियन हा पदार्थ तेथला नव्हे. तो आपण 1975 सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरांत सिद्ध केला, असें नेल्सन वँग यांनीं सांगितलें आहे. हे कलकत्त्यांत जन्मलेले, चिनी वंशाचे पाककुशल गृहस्थ. लसूण, आलें व हिरवी मिरची ही आपली ओळखीची सुरुवात; परंतु गरम मसाल्याऐवजीं त्यांनीं सोया सॉस घातला व कॉर्नफ्लोअर लावून रस्सा दाट केला. गाडीवर येतां येतां कोंबडीच्या जागीं कोबीचे गोळे आले. शेजवान चटणीचेंही तसेंच. चीनच्या सिचुआन प्रांतांत जीभ बधिर करणारी एक मिरी वापरतात. ती आपल्या कोंकणांतील तिरफळाची चुलत बहीण. आपल्या चटणींत ती नसते. लाल मिरची व लसूण यांचेंच तेथें राज्य!

आणि ‘हक्का नूडल्स’? हक्का हें एका चिनी समाजाचें नांव असून त्याचा अर्थ ‘पाहुणीं कुटुंबें’ असा आहे. उत्तरेकडून स्थलांतर करीत दक्षिण चीनमध्यें आलेल्या या लोकांस तें नांव पडलें. त्यांतील अनेक कुटुंबें कलकत्त्यास आलीं. कातडीं कमावणें व जोडे शिवणें हे धंदे आपल्या समाजानें हलके मानिले होते. ते या पाहुण्यांनीं पत्करिले. कलकत्त्याच्या टँग्रा भागांत त्यांची वस्ती झाली, आणि कातड्यांच्या कारखान्यांशेजारीं खानावळी निघाल्या. मुंबईंतही माझगांव येथें कँटनकडून आलेल्या खलाशांनीं 1919 सालीं बांधलेलें सी यूप कून हें देऊळ आजही उभें आहे.

20 ऑक्टोबर 1962 रोजीं चीनशीं युद्ध सुरू झालें. त्यानंतर चिनी वंशाच्या सुमारें 3,000 लोकांस, बायकामुलांसह, राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांतील कित्येक याच भूमींत जन्मलेले होते. न्यायालयांत खटला न चालतांच कांहींना तेथें वर्षानुवर्षें राहावें लागलें. सुटल्यावर अनेकांनीं देश सोडून कॅनडाची वाट धरिली. वस्त्या ओसरल्या, खाणें तेवढें राहिलें, आणि तें आम्ही आपलें म्हणून आवडीनें खातों.

याच्या शेजारीं दुसरें एक चित्र ठेवावें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथील जखमींची सेवा करीत राहिले व 1942 सालीं तेथेंच वारले. त्या परक्या देशानें त्यांचें स्मारक आदरानें जतन केलें आहे.

आम्ही बसलों होतों, तेव्हां शेजारच्या बाकावरून कोणी वाढणाऱ्या मुलास ‘ए चिनी!’ अशी हांक मारली. मुलगा आसामचा होता. तो रागावला नाहीं, हंसलाही नाहीं. पाण्याचा पेला ठेवून निमूटपणें निघून गेला. आम्हांस पुढचा घांस गोड लागला नाहीं. तो मुलगा आपल्याच देशाचा, म्हणून ती हांक चुकीची, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तो खरोखरच चिनी असता, तरीही ती तशी मारणें शोभलें नसतें. उठण्यापूर्वीं आम्हीं त्याचें नांव विचारिलें व त्या नांवानें त्याचे आभार मानिले. तेव्हां मात्र तो हंसला.

ज्या गांवाच्या नांवांतच नऊ लाख उंबरे आहेत, तेथें पाहुण्यास एक उंबरा कमी पडूं नये. परक्यास आश्रय द्यावा ही ख्रिस्ताची शिकवण आणि अतिथीस देव मानावें ही आपली जुनी रीत, या दोहोंत अंतर नाहीं. बालमित्रहो, पुढच्या वेळीं हक्का नूडल्सची थाळी हातीं घ्याल, तेव्हां त्या शब्दाचा अर्थ आठवा, आणि ती थाळी आणून देणाऱ्यास त्याच्या नांवानें हांक मारा.